नकाराची लांबी

"वाटा लहान केलास ना केतकी, की त्या माणसाचा नकारही तेवढाच लहान होतो. लक्षात ठेव."

आठल्येबाईंचा आवाज. खडूने माखलेली बोटं पदराला पुसत, फळ्याकडे पाठ करून त्या हे म्हणाल्या होत्या, तेव्हा केतकी ठोसर एकवीस वर्षांची होती आणि तिला ते वाक्य नुसतं सुंदर वाटलं होतं. आता बाई नाहीत. पण जात्याचा दगड थांबला तरी घरघर कानात राहते, तसा आवाज राहिला. आज तो का आठवावा, हे केतकीला ठाऊक होतं.

नियंत्रण-कक्षाच्या जाड काचेबाहेर समुद्र उभा राहत होता. उभाच म्हणायचं, कारण लाटा आता येत-जात नव्हत्या, नुसत्या चढत होत्या. चक्रीवादळ दुपारी किनाऱ्याला लागलं होतं आणि खाडीच्या तोंडावरची सागरभिंत छाती काढून त्याच्यासमोर होती. भिंतीमागे शिरबंदर, चाळीस हजार वस्तीचं शहर. भिंतीच्या डाव्या कुशीत खारआंबेटी, बांध घालून समुद्राकडून मिळवलेल्या खारजमिनीवरचं भातशेतीचं गाव. भिंतीतच एक मोठा दरवाजा होता, खारदार. ते उघडलं की समुद्राचं पाणी खारआंबेटीच्या शेतांत पसरणार, घरांत शिरणार, आणि भिंतीवरचा भार उतरणार. गाव बुडवून शहर वाचवायचं दार.

म्हणूनच ते दार एका माणसाच्या हातात नव्हतं. त्याचं कुलूप आठल्येबाईंनी तीन वाट्यांत विभागलं होतं.

"ठोसरबाई, पाणी धोक्याच्या लाल रेघेच्या दीड हात खाली आहे," नियंत्रक सबनीस म्हणाले. भिंत बांधली तेव्हा ते तरुण अभियंता होते. आता केस पिकले होते आणि भिंतीला तडा जायच्या विचाराने त्यांच्या कपाळालाच तडे गेल्यासारखे दिसत होते. "शहराचं कार्ड लागलं. आपलं कार्ड लागलं. राहिली ती एक म्हातारी. गाव सकाळीच टेकडीवर हलवलंय, यादीतलं माणूस न् माणूस मोजून. मग अडलंय कुठे?"

शेजारच्या काचेच्या खोलीत चांगुणाबाय म्हात्रे बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खारआंबेटीची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी तिचा मान. मांडव घालण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे लग्नगीत, तीच गाणार, तेव्हा तो विधी पुरा होणार. सकाळपासून ती एकच म्हणत होती. "अजून नाय." आणि मधूनच, "ती खिरकी उघरा गो जरा."

"गुदमरतंय तिला," सबनीस म्हणाले. "पण ही काच उघडली तर वाऱ्याने यंत्रं जातील. मी सांगितलं तिला, वातानुकूलन वाढवतो. तर तोंड फिरवून बसली." ते खुर्ची ओढून केतकीसमोर बसले. "मला एकदा नीट सांगा. मी पाण्याचा माणूस, आकड्यांचा नाही. हे गुपित-वाटप म्हणजे काय आहे नेमकं?"

केतकीने टेबलावरचा कागद ओढला. "समजा दाराची किल्ली म्हणजे एक आकडा आहे. सात. मी मनाला येईल तो एक आकडा घेते, पाच. तो तुम्हाला देते. आणि चांगुणाबायला देते दोन. पाच अधिक दोन, सात. दोघं भेटलात तर किल्ली मिळाली. पण एकटे तुम्ही पाच हातात घेऊन काय सांगाल? बाईकडे शून्यापासून नऊपर्यंत काहीही असेल. बेरीज नवाच्या पुढे गेली तर फक्त एकं स्थानचा आकडा धरायचा. म्हणजे किल्ली काहीही असू शकते. तुम्हाला थोडं कळलं असं नाही. काहीच कळलं नाही."

"आणि नुसत्या बेरजेवर हे चालतं?"

"बेरीज आणि ठरलेल्या आकड्याने गुणाकार, बस. म्हणून त्याला रेषीय वाटप म्हणतात. आपण तीन वाटे केलेत. शहर, भिंत, गाव. तिघांची बेरीज म्हणजे किल्ली, आमच्या भाषेत कळ. खरी कळ साठ आकडी आहे."

"मग गावाचाही वाटा साठ आकडी?"

केतकीचं पेन थांबलं. सकाळी करारनाम्याची फाइल उघडल्यापासून ती या प्रश्नाला वळसा घालत होती.

"फाइलीत तसं नाही," ती हळू म्हणाली. "गावाने कार्ड घ्यायला नकार दिला होता. कार्ड चोरता येतं, तोंड चोरता येत नाही, म्हणाले. म्हणून वाटा पाठ करायचा ठरला. आठल्येबाईंनी तो गाण्यात बसवला. फाइलीत लिहिलंय, एक कडवं. दरवर्षीच्या सरावाला चांगुणाबाय म्हणते ते."

सबनीसांना ते पाठ होतं. सगळ्या कक्षालाच होतं. त्यांनी ते चालीशिवाय, हजेरी घ्यावी तसं म्हटलं:

*मांडवाच्या दारी गो सात कलस मांडिले,*
*तीन कलसांत गो दर्याचं पानी भरिलं,*
*नऊ आंब्याची पानं, दोन नारलांची जोरी,*
*पाच सवाशिनी गो, एक नवरी गोरी.*

"सात, तीन, नऊ, दोन, पाच, एक," केतकी म्हणाली. "सहा आकडे. हे सरावाचे, खऱ्या वेळचे वेगळे असणार. पण लांबी एवढीच."

सबनीसांनी डोळे बारीक केले. पाण्याचा माणूस असला तरी गडी बुद्धीने तिखट होता. "थांबा. किल्ली सात, माझ्याकडे पाच. आता बाईला तुम्ही पुरता आकडा दिलाच नाही, नुसतं शून्य किंवा एक दिलं, तर? मग मला कळेल ना, की किल्ली पाच नाहीतर सहा. दोनदा खटपट केली की दार उघडलं!"

"हो."

"म्हणजे तिचा वाटा सहा आकडी असेल, तर शक्यता फक्त दहा लाख."

"हो, सर."

"आणि तुमच्या संगणकाला दहा लाख म्हणजे किती वेळ?"

"दार एकेक कळ मुद्दाम हळू तपासतं. तरी..." केतकीने ओठ चावला. "पाऊण तास."

"मग हे सकाळी का नाही बोललात?"

चार ग्रामसभांत आठल्येबाई उभ्या राहून सांगत होत्या, तुमच्या हो-शिवाय दार उघडणार नाही. लोकांनी त्यांच्या पुढ्यात नारळ फोडला होता. ते सगळं खोटं होतं, हे म्हणायला केतकीची जीभ उचलत नव्हती. गावाला देताना माप भरून दिल्यासारखं दाखवायचं आणि आत मापाचा तळ पोकळ ठेवायचा. बाई असं करतील?

"माझी आई आहे शिरबंदरला," सबनीस म्हणाले, आणि आवाज एकदम खाली आला. "तळमजल्याला. पाय जायबंदी. मी काही हैवान नाही, ठोसरबाई. गाव रिकामं आहे. शोधा ती कळ."

तिने शोध सुरू केला.

पडद्यावर आकडे वाहू लागले. खारदाराच्या मेंदूत कळ साठवलेली नव्हती, कळीचा नुसता ठसा होता, आलेली कळ बरोबर की चूक एवढंच सांगणारा. चूक, चूक, चूक. केतकीचं एक मन म्हणत होतं, सापड. चाळीस हजार जीव आहेत. दुसरं मन म्हणत होतं, नको सापडूस. सापडलीस तर माझी गुरू खोटी. पाणी लाल रेघेखाली एक हात उरलं. भिंतीच्या पोटातून येणारा धडाधड आवाज खुर्चीच्या पायांतून तिच्या मणक्यात चढत होता.

काचेपलीकडे चांगुणाबायचे ओठ हलत होते. सकाळपासून हलत होते. देवाचं नाव घेत असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. केतकी बघत राहिली. सहा आकड्यांच्या कडव्याला इतका वेळ लागत नाही. तेच तेच म्हणत असली तर ओठांची ठेवण पुन्हा फिरून यायला हवी. ती येत नव्हती. म्हातारी लांबच लांब काहीतरी चालून जात होती, बांधावरून चालावं तशी, पाऊल न चुकवता.

शोध संपला. पडद्यावर एक ओळ उरली: जुळणारी कळ नाही.

"कार्ड खराब असेल," सबनीस उठून उभे राहिले. "पुन्हा करा!"

केतकी हसली, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं. "कार्डं सकाळी तपासलीत, सर. मला एक सांगा. सरावाला आपण काय उघडायचो?"

"मोरी. दाराच्या बगलेची ती छोटी मोरी. हातभर पाणी सोडून बंद."

"आणि खुद्द खारदार?"

"ते कधीच नाही. एकदा जरी उघडलं असतं तरी खारं पाणी शेतात, तीन वर्षं भात नाही पिकत."

"म्हणजे सहा आकडे मोरीचे. फाइल लिहिणाऱ्याने मोरी पाहिली आणि दाराचं लिहून मोकळा झाला." तिने ओल्या डोळ्यांनी काचेकडे बोट केलं. "वाटा गुपिताहून लहान असूच शकत नाही. असला तर गुपित गळतं. बाईंनी हे मला शिकवलं, त्या स्वतः विसरतील? दाराचा वाटा साठ आकडी आहे, सर. दहा कडवी. ती सगळी त्या कपाळावरच्या कुंकवामागे आहेत."

"ही बाई साठ आकडे पाठ..."

"धवलारीण आहे ती. दोन दिवस लग्न चालतं आणि ती कागदाशिवाय गाते. कार्ड नको म्हणाले म्हणून आठल्येबाईंनी वाटा छोटा नाही केला. तो मावेल असं माणूस शोधलं."

"मग शोधा साठ!"

"सहाला पाऊण तास लागला. पुढच्या दर आकड्याला दहापट. सूर्य विझेल तोवर. इथे आता यंत्राचं काम नाही."

सबनीस खाली बसले. पहिल्यांदाच त्यांनी काचेपलीकडे, माणसाकडे बघावं तसं बघितलं.

केतकी त्या खोलीत गेली आणि खुर्ची न घेता चांगुणाबायच्या पायाशी जमिनीवर बसली. म्हातारीने ओठ थांबवले.

"सोदत व्हतीस ना माजं गानं?"

केतकीची मान खाली गेली. "हो."

"गावलं?"

"नाही."

"आठल्येबाय बोलली व्हती मना. चांगुने, सोदतील, पन गावायचं नाय." तिच्या तोंडावर पोरीसारखं हसू फुटलं आणि विझलं. "सकालपासून घोकतंय. मदीच तुटलं तं पयल्यापासून धरावं लागतं."

"चांगुणाबाय, अजून नाही, ते का? गाव तर टेकडीवर गेलं."

"यादीतलं गेलं गो. कोलंबीच्या तलावांवर राखनीला मानसं हायत, लांबच्या बांधाला. भायेरची. बायका हायत, बारकी पोरं हायत, बावीस जीव. सायबाला सांगितलं सकाली. सायेब बोलला, यादीत नाय तं नाय. टेहल-पाखरू, सायबाचा ड्रोन, फिरून आलं, कोनी दिसलं नाय बोलला." तिने नाकाने फूस केलं. "निल्या पलास्टिकाखाली बसलेलं मानूस पाखराला दिसंल? आमची चार पोरं होरी घेऊन गेलीत आनायला."

"ती पोचली की कसं कळणार तुम्हाला?"

"संख वाजंल. आमच्यात बांधाला खांड परली, बांध फुटला, का टेकरीवरून संख फुकतात, घरटी एक मानूस धावतं. समदी वर आली का तीनदा फुकतात. मंग कोनी खाली जात नाय, कोनाची वाट बगत नाय." म्हातारीने काचेकडे बोट केलं. "तवा बोलतंय, खिरकी उघरा. या काचंतून समुंदर दिसतो, आयकू काय येतं? मुका समुंदर."

केतकीने काचेला हात लावला. ही खोली बांधताना कक्षाला लाटांचा आवाज नको म्हणून तिपदरी काच बसवली होती. संमतीची खूण जिथून ऐकू यायची, तीच दिशा त्यांनी लिंपून टाकली होती. शंख वाजूनही गेला असेल!

"वाजून गेला असेल तर?"

"जराजरा येलानं परत फुकतात, उत्तर येईस्तोवर. उघर."

बाहेरच्या सज्जाचं लोखंडी दार उघडायला केतकीला आणि सबनीसांना, दोघांना खांदा लावावा लागला. वारा आत शिरला तो वरात शिरावी तसा, सगळं उधळत. कागद उडाले, एक पडदा विझला. चांगुणाबाय दारात उभी राहिली, डोक्यावरचा पदर एका हाताने घट्ट धरून, कान टेकडीकडे.

गर्जना. नुसती गर्जना. शंख नाही.

"पाणी वीतभर खाली आहे!" सबनीस ओरडले. "आजीबाई, हात जोडतो. ऐकलं मी सगळं. मी चुकलो यादीचं. पण भिंत गेली तर टेकडीवरचे तेवढे उरतील, बाकी कुणी नाही!"

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग केतकीला म्हणाली, "लिवायला येल लागंल ना तुला? मंग जेवरं खरं हाय तेवरं गाते. खोटं नाय गायाची. हलद लागल्याबिगार हलदीचा धवला गाते का मी?"

तिने गळा मोकळा केला. आणि कुणीही कधी न ऐकलेला तो धवला सुरू झाला. जमिनीचं दर्याशी लगीन. मांडव बांधाचा, अंतरपाट धुक्याचा, करवल्या खारफुटीच्या. दर ओळीला काहीतरी मोजलेलं. आठ कणग्या भाताच्या, दोन वाटा वेशीच्या, सात बगळे अक्षता टाकणारे. केतकीची बोटं त्या मोजणीमागून धावत होती. आकडा पडद्यावर पडे, बेरीज होई, पुढची जागा उघडे. नऊ कडवी झाली. आवाज चिरकला नाही की थांबला नाही. आईने जड मनाने लेकीची बोळवण करावी, तशी ती बाई आपली शेतं एकेक मोजून सासरी धाडत होती. दहावं कडवं लागलं.

*चार दिसांचा गो वारा वऱ्हाडी झाला,*
*आठ बांध वलांडून नवरा दारी आला,*
*सहा मापं भाताची गो उंबऱ्याला सांडली,*
*एक दिवा देवलात, तीन ताटं मांडली...*

आणि ती थांबली.

पडद्यावर एकोणसाठ जागा भरल्या होत्या. साठावी रिकामी होती.

"पुढे?" सबनीस कुजबुजले.

"सेवटाची वल खोटी गाता येत नाय मना," चांगुणाबाय म्हणाली, आणि पुन्हा टेकडीकडे कान दिला.

सबनीसांनी पडद्याकडे पाहिलं. केतकीने त्यांचं पाहणं पाहिलं, आणि दोघांच्या मनात एकाच वेळी तीच गोष्ट लख्ख झाली.

एकच आकडा. दहाच शक्यता. पाऊण तास नको, दहा बोटं पुरेत.

साठ आकडी नकार घेऊन ही बाई सकाळपासून बसली होती तेव्हा जगातलं कुठलंही यंत्र तिला हलवू शकत नव्हतं. आणि आता, आपल्यावर विश्वास ठेवून, वेळ वाचावा म्हणून, तिने त्यातले एकोणसाठ आपल्या ओंजळीत घातले होते. तिच्यापाशी आता एका आकड्याएवढा नकार उरला होता. चिमटीत मावेल एवढा.

"ठोसरबाई," सबनीस म्हणाले. "दाबा."

केतकीने दोन्ही हात कळफलकावर पालथे टाकले, पोळीवर झाकण घालावं तसे.

"पाणी किती खाली आहे, सर?"

"चार बोटं."

"मग ती चार बोटं त्या बाविसांची. रेघेला टेकू दे, मी स्वतः दाबीन. त्याआधी नाही."

सबनीसांचा हात पुढे आला. तिच्या हातांवर येऊन अधांतरी थांबला. मग तो हात मागे गेला आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला, एखादं द्वाड पोर धरावं तसा. "पोरं किती लहान आहेत?" त्यांनी विचारलं.

तीन बोटं.

लाट भिंतीच्या माथ्यावर आदळून तिचा फेस सज्जात आला, म्हातारीच्या पावलांवरून आत वाहिला. ती हलली नाही. दोन बोटं. केतकीला वाटलं, आपण बाईंचं वाक्य सुंदर म्हणून पाठ केलं होतं. त्याला वजन असतं, हे आज तळव्यांखाली कळतंय.

आणि मग गर्जनेच्या पोटातून, दोऱ्याएवढा बारीक, एक सूर आला. वाऱ्याने तो तोडला. पुन्हा आला. चांगुणाबायची मान ताठ झाली. तिने हात वर केला, कुणी श्वासही घेऊ नये असा. तिसरा सूर लांबला, लांबला, आणि टेकडीमागे उतरला.

म्हातारीच्या गालांवर खारं पाणी होतं, कुठलं ते सांगता आलं नसतं. ती आत वळली. केतकीने हात उचलले.

चांगुणाबायने पदर सारखा केला, मांडवात उभं राहावं तशी उभी राहिली, आणि राखून ठेवलेली ओळ गायली:

*मागं घरांत गो आता कोनी, कोनी नाय.*

केतकीने साठाव्या जागी शून्य भरलं.